दाणा वाढवला, दूध वाढलं, मग फॅट कुठं गेली?

विभाग: शेती आणि पशुपालन
धागा सुरू केला: रवंथ

नागपूरजवळच्या हिंगणा-कळमेश्वर पट्ट्यातल्या बऱ्याच गोठ्यांवरून सध्या एकच तक्रार कानावर येतेय. गाय संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), दूध बऱ्यापैकी, पण दुधातली फॅट ३.५ टक्क्यांवरून ३ च्या खाली. दूध संकलन केंद्रावर भाव कापला जातो. मग गोठेवाला दाणा आणखी वाढवतो. दोन-चार दिवस कॅन वर येतो, फॅट अजून घसरते, आणि महिना-दीड महिन्यानं एखादी गाय लंगडायला लागते. तेव्हा मला फोन येतो, "मॅडम, खुराला काहीतरी टोचलं वाटते, बघून जा." खूर उचलून पाहावं तर टोचलेलं काहीच नसतं. तळव्याला आतून रक्त साकळल्याचे लालसर डाग असतात.

फॅट आणि खूर ही दोन वेगळी दुखणी आहेत असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा दोन्हीचं मूळ गव्हाणीत असतं. म्हणून हा धागा.

आंबोणाच्या घमेल्यात सरकी ढेप, तुरीची चुनी, मक्याचा भरडा, गव्हाचं पीठ, तांदळाची कनकी असं सगळं एकत्र असतं. कोठीपोटाला, म्हणजे चारा आंबतो त्या गाईच्या पोटाच्या मोठ्या कप्प्याला, मात्र या सगळ्यांत फार मोठा फरक दिसतो. ढेपेत मुख्यतः प्रथिनं. भरडा, पीठ आणि कनकी म्हणजे स्टार्च. माझा आक्षेप ढेपेवर नाही, स्टार्चवर आहे, आणि तोही एका बैठकीत दिलेल्या स्टार्चवर.

कोठीपोटातले जिवाणू स्टार्च आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार करतात. गाय जगते ती याच आम्लांवर. अडचण वेगाची आहे. मे महिन्यातल्या नागपुरात इडलीचं पीठ रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी काय होतं ते घरोघरी माहीत आहे. गव्हाचं पीठ कोठीपोटात पडलं की तसंच होतं. मका त्यापेक्षा सावकाश आंबतो, ज्वारी आणखी सावकाश. शिजवलेला भात सगळ्यांत घाईचा.

आम्ल शोषलं जाण्याच्या वेगापेक्षा तयार होण्याचा वेग वाढला की पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) घसरतो. निरोगी कोठीपोटात तो ६ ते ६.८ च्या दरम्यान असतो. ५.६ च्या खाली जाऊन रोज तीनेक तास तिथंच राहिला, तर त्याला सुप्त आम्लता म्हणतात. सुप्त अशासाठी, की गाय उभी असते, खाते, दूधही देते. आज पोटभर खाईल, उद्या गव्हाण अर्धी ठेवेल. आणखी खाली, ५ च्या आसपास गेला की लॅक्टिक आम्ल साचायला लागतं. ते बाकीच्या आम्लांच्या जवळजवळ दहापट तीव्र असतं आणि तिथून गाय आडवी पडायला वेळ लागत नाही.

पीएच ६ च्या खाली गेला की कडबा-कुटार पचवणारे जिवाणू काम थांबवतात. म्हणजे दाणा वाढवल्यावर तुमचा चाराही वाया जायला लागतो. शिवाय तेलातल्या स्निग्धाम्लांचं कोठीपोटात जे रूपांतर होतं त्याची वाट बदलते आणि ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए नावाचं एक स्निग्धाम्ल तयार होतं. ते दिवसाला काही ग्रॅम जरी कासेपर्यंत पोचलं, तरी तिथलं फॅट बनवण्याचं काम मंदावतं. केंद्रावरच्या मशीनवर दिसते ती हीच गोष्ट.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. आम्ल वाढलं की ग्रॅम-निगेटिव्ह जातीचे जिवाणू मोठ्या संख्येनं मरतात आणि फुटतात. त्यांच्या कवचातलं एलपीएस नावाचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, मोकळं होतं. कोठीपोटाची भिंत आम्लानं सोलवटलेली असेल, किंवा न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जाऊन तिथंही आंबला असेल, तर हे विष रक्तात झिरपतं आणि आधी यकृताकडे जातं. यकृत सीरम ॲमिलॉइड ए, हॅप्टोग्लोबिन अशी प्रथिनं सोडू लागतं. ही प्रथिनं रक्तात वाढली म्हणजे शरीरात कुठंतरी दाह सुरू आहे. खुरातले ते लालसर डागही याच दाहाशी जोडले जातात. बाहेरून जखम नाही, ताप असला तर नावापुरता, पण आत लढाई चालू असते आणि तिला लागणारा शिधा तुमच्या दाण्यातूनच जातो.

तो शिधा किती, हे पुढे कोणी विचारलं तर लिहीन.

———

काटोल_नाका:

मॅडम, लिवलं झकास. पन मले एक सांगा, एप्रिल-मे मंधी हिरवा चारा आनाचा कुठून? इकडे विहीर तळाले लागते. सोयाबीनचं कुटार आहे, थोडं तुरीचं आहे. कुटारावर बारा लिटर दूध निंगते का? दाना कमी केला तं दुसऱ्याच दिवशी कॅन हलका भरते. तुमचं शास्तर बरोबर असन, पन ढेपवाल्याची उधारी शास्तर थोडीच फेडते!

माह्या एका गाईचा हिशोब सांगतो, त्यात काय चुकते ते सांगा. वजन अंदाजे साडेचारशे किलो. भरडा ३ किलो, गव्हाचं पीठ १ किलो, ढेप २, चुनी १. सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं. कुटार ४ किलो आन हिरवा मका १० किलो. फॅट २.९.

———

रवंथ:

काटोल_नाका, असा आकड्यांत प्रश्न विचारणारा गोठेवाला विरळा. आभार.

तुमचं कोरडं अन्न मोजू. दाणा ७ किलो, पाणी वगळून सव्वासहा. कुटार साडेतीन. हिरव्या मक्यात ऐंशी टक्के पाणीच, म्हणून १० किलोचे उरले २. एकूण पावणेबारा-बारा किलो, आणि त्यात निम्म्याहून जास्त दाणा. साडेचारशे किलोची दुभती गाय वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेरा-साडेतेरा किलो खाऊ शकते. तेव्हा पहिली गोष्ट, ती थोडी उपाशी आहे, आणि ती भूक चाऱ्याची आहे.

स्टार्च: मक्यात सुमारे ७० टक्के, गव्हात ६० च्या वर. दोन्ही मिळून पावणेतीन किलो. त्यातला अर्धा सकाळी वीस मिनिटांत पोटात आणि अर्धा संध्याकाळी. माझं बोट याच वीस मिनिटांवर आहे.

———

मोजपट्टी:

शंका विचारतो, राग नसावा. पावणेतीन किलो भागिले बारा म्हणजे २३ टक्के स्टार्च. अमेरिकेत जास्त दुधाच्या गाईंना २५ टक्क्यांच्या आसपास स्टार्च देतात आणि त्या ४० लिटर दूध देतात. मग आपली गाय बारा लिटरवरच आजारी कशी? दुसरं, हे एलपीएसचे प्रयोग मी थोडेफार वाचले आहेत. बऱ्याच प्रयोगांत ते विष थेट शिरेत टोचतात. टोचल्यावर दाह होणारच. गोठ्यात तसं होतं याला आधार काय?

———

रवंथ:

दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिली. तिथं चारा आणि दाणा कापून, कालवून एकजीव करून दिवसभर गव्हाणीत ठेवतात. गाय दहा-बारा वेळा येऊन थोडं थोडं खाते, प्रत्येक घासात चाऱ्याचा तुकडा असतो आणि प्रत्येक घासाबरोबर लाळ जाते. दुभती गाय दिवसाला शंभर-दीडशे लिटर लाळ गिळते. तिच्यातला बायकार्बोनेट हेच कोठीपोटाचं खरं औषध. आपल्याकडे पातळ कालवलेलं आंबोण घमेल्यात येतं आणि गाय ते न चावता ओढून घेते. २३ टक्के कागदावर. सकाळी सहा ते नऊ या वेळात तिच्या पोटात काय चाललंय ते सरासरी सांगत नाही.

दुसरी. टोचण्याच्या प्रयोगांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण न टोचताही काम झालं आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात गाईंना गहू-बार्लीच्या गोळ्या वाढवून सुप्त आम्लता आणली. दुसऱ्यात धान्य न वाढवता, लसूणघास बारीक दळून त्याच्या गोळ्या दिल्या. चावायला काही उरलं नाही, लाळ घटली, पीएच तिथंही घसरला. कोठीपोटातलं एंडोटॉक्सिन दोन्हीकडे वाढलं. पण रक्तात एंडोटॉक्सिन सापडलं आणि दाहाची प्रथिनं चढली ती फक्त धान्याच्या गाईंत.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. नुसतं आम्ल पुरेसं नाही, स्टार्चची त्यात वेगळी भूमिका आहे. एक स्पष्टीकरण असं, की धान्य जास्त झालं की स्टार्चचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. कोठीपोटाच्या आतल्या अस्तराला पेशींचे अनेक थर असतात, मोठ्या आतड्याला एकच. तिथं लाळही पोचत नाही. भिंत फुटायची तर तिथं आधी फुटते.

आता शिध्याचं. आयोवा स्टेट विद्यापीठात २०१७ साली दुभत्या होल्स्टीन गाईंना शिरेतून एलपीएस दिलं आणि रक्तातली साखर टिकवायला किती ग्लुकोज ओतावं लागतं ते मोजलं. बारा तासांत एक किलोहून जास्त लागलं. ते कोणी खाल्लं? लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी. एक लिटर दुधाला कासेला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. किलोभर ग्लुकोज म्हणजे चौदा लिटर दुधाचा कच्चा माल. मोजपट्टी म्हणतात तसं, तो मारा एकदम आणि मोठा होता. गोठ्यातल्या सुप्त आम्लतेत इतकं जात नाही. पण थोडं थोडं रोज जातं, आणि गाईला ग्लुकोज आयतं मिळत नाही, कोठीपोटातलं प्रोपिऑनिक आम्ल घेऊन यकृताला ते घडवावं लागतं. त्याच यकृताला आपण एंडोटॉक्सिन निस्तरायच्या कामालाही जुंपलेलं असतं.

नुकत्याच व्यायलेल्या गाईत हे सगळ्यांत महाग पडतं. तिचं खाणं आधीच कमी, अंगावरची चरबी उतरून यकृतात येतेय, कीटोसिस (ऊर्जेच्या तुटवड्यानं होणारा आजार) दारात उभा. बाळंतपणानंतर थोडा दाह स्वाभाविकच असतो, तो आपोआप निवळतो. पण नेमक्या त्याच आठवड्यात कौतुकानं गव्हाचं पीठ आणि गूळ दुप्पट केला जातो. कोठीपोटातल्या जिवाणूंना नव्या दाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि आम्ल शोषणारे भिंतीवरचे अंकुर वाढायला चार ते सहा. म्हणून दाणा वाढवायचा तो विण्याआधी दोन-तीन आठवडे, हळूहळू. व्यायल्यावर एकदम नाही.

———

गवळाऊप्रेमी:

म्हणूनच म्हणतो, आपली गवळाऊ पाळा. वर्धा-नागपूरची माती, इथला कडबा, इथलं ऊन. तिला ना फॅटची भानगड ना खुराची.

———

रवंथ:

गवळाऊबद्दल मलाही प्रेम आहे. पण तिचं कोठीपोट वेगळ्या धातूचं नाही हो. दूध कमी, म्हणून दाणा कमी, म्हणून त्रास कमी. लग्नाच्या मांडवामागं टाकलेला भात आणि बुंदी खाऊन मेलेले गावठी बैल मी पाहिले आहेत.

तो विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. पंगतीचं उरलेलं, किंवा गाय सुटून धान्याच्या पोत्यात तोंड घालणं, हे सुप्त प्रकरण नव्हे. बारा ते छत्तीस तासांत गाय खाणं सोडते, झोकांड्या जातात, पातळ आंबूस वासाचं शेण पडतं, डोळे खोल जातात. डॉक्टरला लगेच बोलवा, रात्र असली तरी. शिरेतून बायकार्बोनेट द्यावं लागतं, कधी कधी पोट उघडून सगळं बाहेर काढावं लागतं. तोवर घरी बाटलीनं तेल-ताक-सोडा ओतू नका. अर्धवट शुद्धीतल्या गाईच्या ते फुप्फुसात जातं, आणि आम्ल राहतं बाजूला, गाय न्यूमोनियानं जाते.

———

भंडारा_रोड:

आमच्याकडे म्हशी आहेत, नागपुरी आणि मुऱ्हा मिक्स. राईस मिल जवळ आहे म्हणून ताजा कोंडा स्वस्तात मिळतो, कनकीपण. कनकी थोडीच देतो, कोंडा भरपूर. कोंड्यात स्टार्च कमी ना? तरी फॅट उतरलीच आहे.

———

रवंथ:

ताज्या कोंड्यात तेल असतं, १२ ते १५ टक्के किंवा जास्तही. धाग्याच्या सुरुवातीचं सीएलए प्रकरण आठवा: कोठीपोटात आधीच आम्ल, त्यावर लिनोलिक आम्लानं भरलेलं तेल. फॅट पाडायला यापेक्षा चांगला योग नाही. कनकी थोडी आणि कोंडा भरपूर हे एकत्र आलं की म्हशीलाही तेच होतं. तेल काढलेला कोंडा मिळतो, तो घ्या, किंवा ताजा कोंडा निम्म्यावर आणा. ताजा कोंडा साठवूही नका, आठवड्यात खवट होतो.

———

नुसता_वाचक:

गोठा नाही, गाय नाही, धंतोलीत फ्लॅटमध्ये राहतो. पण धागा वाचून घाबरलो. अशा गाईचं दूध लहान मुलांना द्यावं का?

———

रवंथ:

द्या. सुप्त आम्लता दुधातून माणसाला लागत नाही. साय पातळ येईल, बस. तुम्हाला काळजीच करायची असेल तर बुरशी आलेल्या ढेप-मक्याची करा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात एम-१ रूपानं उतरतं आणि उकळून जात नाही. त्याची सरकारी मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

———

काटोल_नाका:

मॅडम, मंग कराचं काय ते सांगा ना. आन गोठ्यात लॅबोरेटरी नाही, पोटातला पीएच पाहाचा कसा?

———

रवंथ:

पीएच पाहायचा तर डॉक्टरकडून. दाणा दिल्यावर दोन ते चार तासांनी सुईनं कोठीपोटातलं पाणी काढून मोजतात. एका गाईवरून निष्कर्ष काढत नाहीत, गोठ्यातल्या पाच-सहा तरी बघाव्या लागतात. पण त्याआधी डोळ्यांनी बरंच दिसतं.

खाणं झाल्यावर दोनेक तासांनी गोठ्यात जाऊन नुसतं उभं राहा. गाई बसलेल्या असतील. त्यातल्या निदान निम्म्या रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एक गाय निवडा. घास वर येतो, गळ्यावरून लाट गेलेली दिसते, मग ती चावायला लागते. मोजा. पन्नास ते सत्तर वेळा चावून गिळते. तीस-पस्तीसवर गिळत असेल तर चारा फार बारीक आहे किंवा फार थोडा.

मग शेण. मूठभर ताजं शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली बारीक धारेत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चाळणीत काय उरलं ते उन्हात नेऊन बघा. मक्याचे पिवळे-पांढरे तुकडे दिसले तर स्टार्च न पचता खाली जातोय. बोटाच्या पेराएवढे कुटाराचे तुकडे दिसले तर चारा रवंथ न होताच निसटलाय. पारदर्शक, चिकट, लांबट सालपटं सापडली तर नीट लक्ष द्या. मोठ्या आतड्यानं स्वतःची आतली बाजू झाकायला सोडलेलं ते अस्तर आहे; दुखावलेलं आतडंच असं करतं. शेण फेसाळ, राखाडी, आणि एकाच गोठ्यात एकीचं घट्ट तर शेजारचीचं पातळ, हीसुद्धा खूण आहे.

केंद्राच्या चिठ्ठीवर फॅट प्रथिनांपेक्षा खाली दिसली तर शंकेला फारशी जागा उरत नाही. अर्थात दुधात पाणी नसेल तर!

तुमच्या गाईसाठी:

सात किलो दाणा आजच कमी करू नका. तोच दोनऐवजी चार वेळा द्या, एका वेळी दोन किलोच्या आत. आधी कुटार, मग दाणा. उपाशीपोटी दाणा कधीच नाही. गव्हाचं पीठ बंद, त्याजागी चुनी आणि गव्हाचा चोकर. भरडा ३ वरून हळूहळू २ वर, उरलेल्याच्या जागी अख्खी सरकी एक किलोपर्यंत. सरकीत तेल आहे खरं, पण ते दाण्याच्या आत असतं, सावकाश सुटतं, आणि वरचा कापूस चाऱ्याचं काम करतो. आंबोण पातळ कालवू नका, ओलसर करून कुटारात मिसळा.

खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दाण्यात विभागून. उन्हाळ्यात जरूर द्या. ४५ अंशांत गाय धापा टाकते, लाळ तोंडातून जमिनीवर गळते, रक्तातला बायकार्बोनेट लघवीवाटे जातो, आणि दिवसभर न खाता रात्री गार झाल्यावर ती एकदम तुटून पडते. म्हणजे आम्लतेची सगळी तयारी झालीच. दाण्याचा मोठा हिस्सा पहाटे आणि रात्री वाटून द्या. पण सोडा घातला म्हणजे पीठ चालू ठेवायला परवाना मिळाला असं कोणी समजू नये. दुकानदार तसंच सांगतात.

———

आर्वीकर:

दाहच आहे तर दाह उतरवायची सुई का मारू नये? आमच्याकडे एक जण प्रत्येक व्यायलेल्या गाईला मारतो.

———

रवंथ:

कारण गव्हाण तीच राहते. सुई उतरली की पुन्हा दाह. व्यायल्यानंतर अशा औषधांचा उपयोग होतो का यावर काम झालेलं आहे, पण तो निर्णय गाय तपासून घ्यायचा असतो. आणि कुठली सुई हेही महत्त्वाचं. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. माणसांच्या दुकानातून आणून मारणाऱ्यांनी हे वाचावं.

———

मोजपट्टी:

एक भर. संत्र्याचा चोथा कोणी वापरतं का? रस काढणाऱ्यांकडे सीझनमध्ये ढीग पडलेले असतात.

———

रवंथ:

चांगलं सुचवलंत. चोथ्यात पेक्टिन असतं. तेही झटपट आंबतं, पण त्यातून ॲसिटिक आम्ल जास्त येतं आणि लॅक्टिक जवळपास नाही. म्हणजे ऊर्जा मिळते आणि फॅटलाही हातभार लागतो. भरड्याच्या थोड्या भागाऐवजी उत्तम. अडचण एकच, ओला चोथा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. ताजा द्या, नाहीतर कोरड्या कुटारात थर देऊन मुरघासासारखा दाबून ठेवा. हिरवी-निळी बुरशी दिसली की फेका, मोह नको.

कुटाराबद्दलही सांगते, कारण काटोल_नाका यांचा पहिला प्रश्न तोच होता. गव्हांडा (गव्हाचं काड) किंवा तणस (धानाचं काड) युरिया प्रक्रिया करून सुधारता येते: १०० किलोला ४ किलो युरिया, ४० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर थर शिंपडून, दाबून, प्लास्टिकखाली २१ दिवस. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून मग द्यायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. कोरडा युरिया जनावराच्या तोंडी लागला तर विषबाधा होते, पोतं लांब ठेवा. पहिल्यांदा करताना पशुवैद्यक महाविद्यालयात, सेमिनरी हिल्सला, पोषणशास्त्र विभागात जाऊन विचारून या. विद्यापीठ आपल्या गावात आहे आणि आपण सल्ला ढेपवाल्याचा घेतो!

———

काटोल_नाका:

मॅडम, चार वेळा देनं सुरू केलं. पोराले रात्री नवाले उठवा लागते, तो कावते. पीठ बंद केलं. दूध अर्धा लिटर उतरलं होतं, आता जागेवर आलं. फॅट ३.३ झाली. रवंथ मोजली, एकीची बावन्न भरली, दुसरीची चाळीस. शेन धुतलं तं बायको म्हने, हे काय नवीन काढलं, चाळनी आता घरात आनाची नाही.

माही एक गाय आधीपासून लंगडते, ते मात्र अजून लंगडतेच. काहून?

———

रवंथ:

खुराचं नुकसान दीड-दोन महिन्यांपूर्वीचं आहे, ते आत्ता तळव्यापर्यंत उतरलंय. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो. कोरड्या, मऊ जागी बांधा, मी आले की खूर छाटून देते. चाळीसवालीला लांब कुटार द्या, कुट्टी मशीनची पाती इंचभर तरी लांबीला लावा.

———

काटोल_नाका:

लांब कुटार म्हनजे तणसच पायजे. कुही-मौद्याकडून कोनी तणस इकत देनारं असन तं भाव सांगा. गाडी माही.

———

भंडारा_रोड:

आहे आमच्याकडे, उन्हाळी धानाची, कोरडी. व्यनि (खासगी निरोप) करतो. कोंड्याचं पण विचारणार होतो, तुमच्या चुनीच्या बदल्यात जमते का पाहा.